घरासाठी ऑल-इन-वन कॉम्प्युटर घ्यावा का? पैसे मोजण्याआधी एवढं तपासून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" पूर्वी हा प्रश्न लॅपटॉप की डेस्कटॉप एवढाच असायचा. आता त्यात तिसरं नाव आलंय, ऑल-इन-वन. दुकानात तो टीव्हीसारखा सडपातळ दिसतो, समोर एकच पडदा आणि मागे एकच वायर. बघणाऱ्याला आवडतो, आणि दुकानदारही "साहेब, एकदम कंप्लीट सेट" म्हणून पुढे करतो.

आम्ही शाळेत शिकवतो, दुकान चालवत नाही. त्यामुळे अमुक कंपनीचा घ्या असं आम्ही सांगणार नाही. पण आपल्या घरांमध्ये हे पैसे कसे जमतात ते आम्हाला माहीत आहे. कुठे मोठ्या भावाने गल्फमधून पाठवलेले असतात, कुठे अम्मीने भिशीतून साठवलेले, कुठे मुलीच्या स्कॉलरशिपचे. अशी खरेदी पाच-सात वर्षांतून एकदाच होते, म्हणून ती नीट समजून करायला हवी.

ऑल-इन-वन म्हणजे नेमकं काय?

साध्या डेस्कटॉपमध्ये पडदा वेगळा आणि कॉम्प्युटरचा डबा वेगळा असतो. ऑल-इन-वनमध्ये तो डबा नसतो, सगळे भाग पडद्याच्या पाठीत किंवा स्टँडमध्ये बसवलेले असतात. स्पीकर, माईक, कॅमेरा आणि वायफायही आतच. कीबोर्ड आणि माऊस बहुतेक वेळा सोबत मिळतात. ही कल्पना काही नवीन नाही. ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश असाच एका पेटीत होता, आणि १९९८ मध्ये आलेल्या रंगीत आयमॅकने ती लोकप्रिय केली. आज एचपी, लेनोवो, डेल, एसर, आसुस या कंपन्यांचे विंडोजवर चालणारे ऑल-इन-वन आपल्याकडे मिळतात.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. बाहेरून हा डेस्कटॉप दिसत असला, तरी आतले भाग बहुधा लॅपटॉपचे असतात. पडद्याच्या पाठीत जागा कमी आणि उष्णता बाहेर जायला वाव कमी, म्हणून कमी वीज खाणारे, कमी तापणारे प्रोसेसर वापरले जातात. घरच्या कामाला ते पुरतात. पण "हा डेस्कटॉप आहे, म्हणजे लॅपटॉपपेक्षा दणकट असणार" असं समजून घेऊ नका.

फायदे खरे आहेत

पहिला फायदा जागेचा. मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या दोन खोल्यांच्या घरात टेबलाखाली डबा आणि मागे वायरींचं जाळं ठेवायला जागा कुठे असते? त्यात घरात रांगणारं मूल असेल तर वायरी म्हणजे डोक्याला ताप. ऑल-इन-वनला एक छोटं टेबल आणि एक प्लग पुरतो.

दुसरा फायदा पडद्याचा. लॅपटॉपचा नेहमीचा पडदा १५.६ इंचांचा असतो, ऑल-इन-वनचा साधारण २४ किंवा २७ इंचांचा. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे आकड्यांतला फरक लहान वाटतो. पण २३.८ इंची पडद्याचं क्षेत्रफळ १५.६ इंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त भरतं. एका बाजूला ऑनलाइन तास आणि दुसऱ्या बाजूला वही म्हणून वर्डची फाइल उघडून बसणाऱ्या मुलाला हा फरक रोज जाणवतो. दोन भावंडं शेजारी बसून एकच धडा पाहू शकतात.

तिसरा फायदा आमच्या मते सर्वांत मोठा आहे, आणि तो जाहिरातीत नसतो. एका जागी ठेवलेला कॉम्प्युटर सगळ्या घराचा राहतो. लॅपटॉप घरात आला की दोन-तीन महिन्यांत तो "भाईचा लॅपटॉप" होतो. भाई तो मित्राकडे नेतो, क्लासला नेतो, रात्री आपल्या बिछान्यावर घेऊन बसतो. बहिणीला प्रोजेक्ट करायचं असलं तर ती परवानगी मागते, नाहीतर मोबाईलवरच भागवते. आमच्या वर्गातल्या हुशार मुलींपैकी कितीतरी जणी घरात लॅपटॉप असूनही मोबाईलवर टाइप करून प्रोजेक्ट आणतात. हॉलमध्ये टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरची अशी मालकी होत नाही. सकाळी अम्मी वीजबिल भरते, दुपारी मुलगी टायपिंग करते, संध्याकाळी धाकटा अभ्यास करतो. शिवाय पडदा सगळ्यांच्या नजरेसमोर असतो, त्यामुळे मुलं काय पाहतात यावर वेगळा पहारा ठेवावा लागत नाही.

मोबाईल पुरत नाही का, असं काही जण विचारतात. व्हिडिओ पाहायला पुरतो, पण कामाला पुरत नाही. शासनाच्या कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेत मराठी, हिंदी किंवा इंग्रजीचा ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट असा वेग लागतो, आणि तो खऱ्या कीबोर्डवरच कमावता येतो. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. माऊस हातात न धरलेलं मूल परीक्षेच्या दिवशी उगाच गांगरतं. विंडोजमध्ये मराठीबरोबर उर्दूचा कीबोर्डही सेटिंगमधून फुकट जोडता येतो. ज्या घरात दोन्ही भाषांत लिहिणं होतं, त्या घराला त्याचा चांगला उपयोग आहे.

अडचण कुठे आहे?

ऑल-इन-वनमध्ये दोन वेगळ्या आयुष्याच्या वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. चांगला पडदा आठ-दहा वर्षं आरामात चालतो. कॉम्प्युटरचे आतले भाग मात्र पाच-सहा वर्षांत मागे पडतात. साध्या डेस्कटॉपमध्ये डबा बदलून पडदा तोच ठेवता येतो. ऑल-इन-वनमध्ये आतला भाग म्हातारा झाला की धडधाकट पडदाही त्याच्याबरोबर जातो.

उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते. म्हणजे २०१६ साली घेतलेला, अजूनही लख्ख पडद्याचा ऑल-इन-वन नियमाप्रमाणे पुढे जाऊ शकत नाही. महागड्या मालाचंही तसंच. २००९ ते २०१४ दरम्यानच्या अनेक आयमॅकना दुसऱ्या मॅकचा पडदा म्हणून वापरता यायचं. २०१४ च्या अखेरीस आलेल्या फाइव्ह-के आयमॅकमध्ये ती सोय राहिली नाही. इतका उत्तम पडदा, पण आतला कॉम्प्युटर जुना झाला की त्याचा सरळ उपयोग संपला.

म्हणून दुकानात एक प्रश्न जरूर विचारा : "यात एचडीएमआय-इन आहे का?" बहुतेक मॉडेलांत एचडीएमआय-आउट असतं. त्यातून चित्र बाहेर टीव्हीवर जातं, बाहेरचं चित्र आत येत नाही. इन असेल तर पुढे-मागे आतला कॉम्प्युटर थकला, तरी हाच पडदा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येतो. काही मॉडेलांत ही सोय असते, आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी आम्ही ते वाया गेले म्हणणार नाही.

दुसरी अडचण दुरुस्तीची. डेस्कटॉपचा माऊस, पडदा, डबा यातलं जे बिघडेल तेवढंच दुकानात जातं. ऑल-इन-वनची स्क्रीन फुटली किंवा पंखा बिघडला, तरी सगळा सेटच जातो आणि घरात काहीच उरत नाही. गल्लीतला दुरुस्तीवालाही हे काम टाळतो, कारण उघडायला अवघड आणि सुटे भाग मॉडेलप्रमाणे वेगळे. आपल्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, की जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागेल? वॉरंटीत माणूस घरी येतो का? हे बिल करण्याआधी विचारायचं.

वीज आणि हवा

ऑल-इन-वनला सहसा बॅटरी नसते, वीज गेली की तो जागच्या जागी बंद. अर्धवट लिहिलेला फॉर्म गेला तर पुन्हा लिहिता येईल, पण असा धक्का वारंवार बसणं मशीनलाही चांगलं नाही. म्हणून यूपीएसची किंमत पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. घरगुती कॉम्प्युटरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ तो देतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोड आहे का पाहा. त्या मोडवर वीज गेल्यावर बॅटरी इतकी झटकन जोडली जाते की कॉम्प्युटर बंद पडत नाही. जिथे रोज तास-दोन तास वीज जाते आणि इन्व्हर्टर नाही, तिथे लॅपटॉपच बरा.

बिलाची मात्र फार चिंता नको. ६० वॉट खाणारा ऑल-इन-वन रोज पाच तास चालला तर महिन्याला ९ युनिट होतात. ४० वॉटचा लॅपटॉप ६ युनिट खाईल. डबा आणि पडदा मिळून १२० वॉटचा जुना डेस्कटॉप १८ युनिट. वीज वाचते म्हणून घ्या, असं कुणी सांगितलं तर हा हिशेब मांडून दाखवा.

कोकणातल्या दमट हवेत मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी सुरू करा. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल तर टेबल शेगडीपासून लांब ठेवा. फोडणीची तेलकट वाफ आणि धूळ मिळून पंख्याच्या जाळीवर थर बसतो, मग मशीन तापतं आणि मंद होतं. मागची जाळी भिंतीला चिकटवू नका आणि पडद्यावर कापड टाकायचं ते मशीन बंद केल्यावरच.

चौथा रस्ताही आहे

लॅपटॉप, डेस्कटॉप आणि ऑल-इन-वन यांच्याशिवाय आणखी एक पर्याय आहे, त्याचं नाव मिनी पीसी. डब्याएवढा मोठा नाही, जेवणाच्या टिफिनएवढा छोटा कॉम्प्युटर. वेगळा २४ इंची मॉनिटर घ्यायचा आणि मिनी पीसी त्याच्या पाठीला स्क्रूने बसवायचा. त्यासाठी मॉनिटरच्या मागे वेसा माउंटची चार भोकं हवीत आणि मिनी पीसीसोबत पट्टी हवी. समोरून पाहिलं तर ऑल-इन-वनच वाटतो. वायर दोन-तीन जास्त, पण दोन्ही वस्तू सुट्या. पाच वर्षांनी मिनी पीसी बदला, मॉनिटर तोच चालेल. मॉनिटर बिघडला तर चार दिवस टीव्हीला जोडून काम भागवा. कॅमेरा, स्पीकर आणि कीबोर्ड मात्र वेगळे घ्यावे लागतात, म्हणून तुलना करताना त्यांचीही किंमत मिळवा. आणि मिनी पीसी घेताना त्यात रॅम, स्टोरेज आणि विंडोज आहे का ते विचारा. काही मॉडेल मोकळीच विकली जातात.

घरात आधीच चालू स्थितीतला लॅपटॉप असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. त्याला मोठा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडा. टेबलावर मोठा पडदा मिळाला आणि हवा तेव्हा लॅपटॉप काढून नेताही आला.

डब्यावरची माहिती कशी वाचायची?

रॅम : ४ जीबी आता पुरत नाही. ८ जीबी किमान, १६ असेल तर पाच वर्षं निश्चिंत. पुढे वाढवता येते का, मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. काही मशीनमध्ये रॅम पक्की बसवलेली असते, आजच्या आयमॅकमध्येही ती नंतर वाढवता येत नाही.

स्टोरेज : एसएसडी पाहिजेच. "एक टीबी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं आणि ती जुन्या प्रकारची हार्ड डिस्क निघाली, तर सुरू व्हायलाच मिनिटं जातात. ५१२ जीबी एसएसडी घराला भरपूर आहे, २५६ वरही भागतं.

प्रोसेसर : इंटेल एन१०० किंवा सेलेरॉनसारखे प्रोसेसर लिहिणं, फॉर्म आणि व्हिडिओ एवढ्यासाठी ठीक. मुलगा कोडिंग, डिझाइन किंवा अकाउंट्सचं काम करणार असेल तर कोअर आय-३, आय-५ किंवा रायझन ५ पाहा. फक्त "आय-५" ऐकून खूश होऊ नका, पिढी विचारा. जुना आय-५ नव्या आय-३ पेक्षा मागे असू शकतो. सेकंडहँड घेताना तर हे आधी पाहा, आणि विंडोज ११ चालू करून दाखवायला सांगा.

कॅमेरा : हॉलमध्ये ठेवलेल्या कॉम्प्युटरचा कॅमेरा सतत घराकडे पाहत असतो. घरात बायका-मुलींचा वावर असतो, म्हणून कॅमेऱ्यावर सरकती झाकणी असलेलं किंवा कॅमेरा आत ढकलता येणारं मॉडेल घ्या.

स्टँड : स्वस्त मॉडेलांचा पडदा फक्त मागे-पुढे कलतो, वर-खाली होत नाही. पडद्याची वरची कड बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली हवी, आणि अंतर हातभर. गरज पडल्यास खाली लाकडी फळी ठेवा.

टचस्क्रीन : फारच लहान मुलं असतील तर गंमत आहे. एरवी ते पैसे रॅममध्ये घाला.

गल्फमधून आणायचा असेल तर

रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांत "मामू येताना घेऊन येतील" हा विचार आधी होतो. तिथे किंमत कमी वाटली तरी चार गोष्टी तपासा. वॉरंटी भारतात चालते का? अनेक मॉडेलांची फक्त त्या देशापुरती असते. कीबोर्डवर अरबी अक्षरं असतील, ती चालतील का? प्लग तिकडच्या चौकोनी पिनांचा असेल, तर आपल्याकडची नीट पॉवर केबल घ्या, खोचून बसवलेला अडॅप्टर नको. आणि कस्टमचा नियम : प्रौढ प्रवाशाला एका लॅपटॉपसाठी वेगळी सवलत आहे, ऑल-इन-वनला ती नाही. तो सामानाच्या एकूण मर्यादेत मोजला जातो. एवढा मोठा काचेचा पडदा विमानाच्या लगेजमध्ये टाकण्याची जोखीम वेगळीच.

हप्त्यांचं गणित

व्याज टाळणारी घरं "नो-कॉस्ट ईएमआय" हे शब्द वाचून निर्धास्त होतात. त्यामागचं काम कसं चालतं ते समजून घ्या. समजा मशीन ४८,००० रुपयांचं आहे आणि ८,००० चे सहा हप्ते आहेत. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के असेल, तर कागदावर कर्ज सुमारे ४५,९७० चं असतं आणि व्याज सुमारे २,०३०. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी देते, म्हणून ग्राहकाला व्याज दिसत नाही. पण बँकेच्या हिशेबात ते व्याजच असतं, आणि क्रेडिट कार्डवर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे इथे सुमारे ३६५ रुपये, ग्राहकालाच पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. "शून्य टक्के व्याज" असं प्रत्यक्षात काही नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. हा व्यवहार आपल्यासाठी जायज आहे की नाही हे आपल्या आलिमांना विचारा, आम्ही फक्त हिशेब मांडला. दुकानदाराला मात्र जरूर विचारा : "रोख दिले तर किती कमी?" बरेचदा तीच सूट रोखीतही मिळते. दोन महिने थांबून, भिशीचा नंबर लागल्यावर घेतला तर काही बिघडत नाही.

मग घ्यायचा की नाही?

आमचा सल्ला असा. घरात तीन-चार जण वापरणारे आहेत, मशीन कुठे न्यायचं नाही, वीज बऱ्यापैकी टिकते, गावात सर्व्हिस मिळते आणि वायरींचा पसारा नको आहे, तर ऑल-इन-वन खुशाल घ्या. शक्यतो एचडीएमआय-इन असलेला आणि निदान ८ जीबी रॅमचा. एवढीच गरज आहे पण पैसा बेताचा आहे आणि वस्तू दहा वर्षं पुरवायची आहे, तर मॉनिटर आणि मिनी पीसी. मुलगी किंवा मुलगा वर्ष-दोन वर्षांत हॉस्टेलला जाणार आहे आणि मशीन एकच घेता येणार आहे, तर लॅपटॉप. तिथे मन ऑल-इन-वनकडे ओढलं तरी आवरा, कारण पुढच्या जूनमध्ये दुसरा खर्च उभा राहील.

दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. कागदावर प्रत्येकाचं नाव लिहा आणि कोण, किती वाजता, कशासाठी वापरणार ते समोर मांडा. मुलींचं आणि अम्मीचं नाव त्या कागदावर आहे का ते पाहा. नसेल तर कोणतं मॉडेल घ्यायचं याआधी त्यांची वेळ ठरवा. आणि मशीन घरी आल्यावर तोच कागद टेबलाच्या वर भिंतीला लावून टाका.